क्षिप्राने काय सोडलं?

वाई, ९ जुलै २०२५

चि. सौ. क्षिप्रास,

आशीर्वादांची संख्या लिहीत नाही. लागतील तेवढे घे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशीलच. रविवारी मी फोन केला. विचारलं, बोटांचं कसं आहे? "ठीक आहे." अंगातून वाफा निघतात त्यांचं? "ठीक आहे." तेवढ्यात मागून अण्णा ओरडले, "कोणाच्या अंगातून वाफा निघतात?" फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की किहीमच्या किनाऱ्यावर घोडागाडीत बसलेल्या पाहुण्यांनाही ऐकू येतं. तेव्हा आजपासून पत्र. कागदावर खोटं लिहिताना हात थोडा तरी अडखळतो. इतकी वर्षं कॉलेजात संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यातून मिळालेलं हे एकमेव ज्ञान.

गेल्या वर्षी तुझ्या छातीतली गाठ काढली, किरणं दिली, आणि मग पाच वर्षांसाठी ती रोजची गोळी हातावर ठेवली. लेट्रोझोल. नाव एखाद्या यवन सेनापतीचं वाटतं. ती नेमकं करते काय, हे मी सलिलला विचारलं. माझा भाऊ आणि तुझा नवरा अशा दोन्ही भूमिकांत तो कमीच बोलतो. म्हणाला, "हार्मोनची आहे." म्हणजे अग्नी कशाचा, तर अग्नीचा. तू नीट समजावून लिही. आणि "ठीक आहे" हे शब्द पत्रात आले तर लाल शाईने गोल करून परत पाठवीन.

तुझी नणंद,
आश्लेषा


किहीम, १९ जुलै

ती. आश्लेषाताईंस नमस्कार.

लाल शाई जपून वापरा, वाईत महाग असेल.

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं ते असं. माझी गाठ इस्ट्रोजेनवर पोसलेली होती. माझी पाळी जाऊन चांगली तीन-चार वर्षं झाली, तरी अंगातली चरबी ते थोडं थोडं बनवत राहते म्हणे. माझ्या चरबीने आयुष्यात एकच काम मन लावून केलं आणि तेही नको ते. ही गोळी ती भट्टी बंद करते. एखादी चुकार पेशी कुठे दडून राहिली असेल तर ती उपाशी मरते. भट्टी बंद झाली, आता वाफा तेवढ्या माझ्या वाट्याला.

वाफांचं मी सोसते. बोटांचं सोसवत नाही. सकाळी मूठ वळत नाही. नारळ खवायला विळीवर बसले की उठवायला सलिल आणि वेणूबाई अशी दोन माणसं लागतात. वेणूबाई तुम्हाला आठवत असेल, थळची, आपल्या कॉटेजवरच्या पाहुण्यांना मासे रांधून घालते ती. ती मला काखेत धरून उठवते आणि म्हणते, "वयनी, तुमी माज्या आयशीपेक्षा म्हाताऱ्या झालाव."

असो. गेल्या आठवड्यापासून थोडं बरं आहे. (हे "ठीक आहे" नव्हे.) एकादशीपासून मी चातुर्मासाचा नेम धरला आहे. एक गोष्ट सोडली. काय सोडली ते कार्तिकात सांगेन. सासूबाई म्हणायच्या, नेम मध्येच बोलून दाखवला तर पुण्य ऐकणाऱ्याला जातं. तुम्हाला फुकट पुण्य देण्याइतकी मी अजून आजारी नाही.

क्षिप्रा


वाई, २७ जुलै

चि. क्षिप्रास,

माझ्या आईचं वचन माझ्याच अंगावर फेकलंस. घरात मुरलीस म्हणायची.

भट्टीचं समजलं. आता नेमाचं. गुपित सांगू नकोस, पण अनुमान करायला शास्त्राची बंदी नाही. कांदा-लसूण असणार नाही, तो तुम्ही तसाही अण्णांच्या भीतीने पाहुण्यांच्याच चुलीवर ठेवता. वांगी तुला मुळातच आवडत नाहीत. चहा? तू चहा सोडलास तर सलिलचा चेहरा पाहूनच मला फोनवर कळलं असतं, आणि त्या फोनला चेहरा दिसत नाही हे मला ठाऊक आहे. संध्याकाळची मालिका? त्यातली सासू मेली का अजून? की माझ्याविषयी वाईट बोलणं सोडलंस? तसं असेल तर नेम आजच मोड. चार महिने साठून राहिलेलं एकदम बाहेर पडेल ते मला झेपणार नाही.

माझा कौल चहाला. मान हलव.

आश्लेषा


किहीम, १० ऑगस्ट

ती. ताईंस नमस्कार.

चहा नाही, मालिका नाही, तुम्हीही नाही. मालिकेतली सासू मेली होती, परत आली.

काहीही म्हणा, नेम फळला. काल मी माळ्यावर चढून गणपतीची भांडी काढली. स्वतः! सलिल खाली शिडी धरून उभा होता आणि देवाचं नाव घेत होता. विळीवर बसते, उठते, कोणी लागत नाही. वाफा गेल्या. झोप लागते. आरशात बघितलं तर पूर्वीची क्षिप्रा, फक्त एका बाजूने थोडी कमी.

वेणूबाईने तर पिच्छाच पुरवला आहे. "काय सोडलाव त्या मना पन सांगा, माजे गुडगे लय दुखतान, मी पन सोडतंय." मी म्हटलं, बाई, कार्तिकापर्यंत थांब. ती म्हणते, "तवर माजे पाय ऱ्हातील का?" अण्णांनी सगळ्या आळीत सांगितलं आहे की आमच्या सुनेला व्रताने गुण आला. परवा देवळात दोन बायका माझ्या पाया पडल्या.

गणपतीला येताय ना? यंदा मोदक मीच करणार. गेल्या वर्षीच्या मुटक्यांची आठवण कोणी काढायची नाही.

क्षिप्रा


वाई, ५ सप्टेंबर

चि. क्षिप्रास,

गौरी-गणपती करून सुखरूप पोचले. वडखळच्या वाहतूककोंडीत अडकले असताना मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. तुझ्या दृष्टीने हे वाईटच झालं.

मोदकांविषयी लिहायचं आहे. गेल्या वर्षी तू गोळी घेत होतीस आणि तुझ्या मोदकांना कळ्या म्हणून नव्हत्याच. अण्णांनी एक हातात घेऊन विचारलं होतं, "हा बसलाय की उभा आहे?" तू हसलीस आणि मागच्या पडवीत जाऊन रडलीस, ते मी पाहिलं होतं. यंदा तुझ्या ताटातल्या मोदकांच्या कळ्या मी निरखून पाहिल्या. बारीक, एकसारख्या, वर टोकाशी जुळलेल्या. असं बोटांच्या अगदी शेवटच्या पेराने जमतं. ताठरलेल्या बोटांनी जमत नाही.

आमच्या न्यायशास्त्रात डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं ठरवतात. इथे धूर म्हणजे कळ्या. कळ्या आहेत, म्हणून बोटं मोकळी आहेत. बोटं मोकळी आहेत, म्हणून त्यांना ताठ करणारं काहीतरी थांबलं आहे. ते कधी थांबलं? एकादशीला. एकादशीला तू काय केलंस? एक गोष्ट सोडलीस.

मी तेव्हा चहा म्हणाले. किती मठ्ठ आहे मी.

क्षिप्रा, तू गोळी सोडलीस. व्रताच्या नावाखाली, म्हणजे कोणी विचारायलाच नको. घरातली गुपितं पोटात ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण त्यावर देवळात नमस्कार घेणारी तू पहिलीच.

मी सलिलला काही बोललेले नाही. घाबरला की तो पाहुण्यांना मीठ न घातलेलं वरण वाढतो आणि कॉटेजचं नाव जातं. पण तू लिही. माझं अनुमान चुकलं असेल तर मला आनंदच आहे. आणि वेणूबाईला आपला नेम सांगू नकोस हं, ती उद्या तिची साखरेची गोळी सोडून बसेल.

आश्लेषा


किहीम, १४ सप्टेंबर

ती. ताईंस,

तुम्ही माहेरपणाला आला होतात की हेर म्हणून? मोदक खाताना माणसं डोळे मिटतात. तुम्ही मोजमाप घेत होतात.

हो. सोडली.

आता ऐका. चोर आला, पकडला, कापला, वर किरणांनी भाजला. मग रिकाम्या वाडीत पाच वर्षं राखणदार बसवायचा, आणि राखणदार कसला, तर रोज रात्री घरधनिणीलाच बडवणारा. मी म्हटलं, चार महिने त्याला सुट्टी. कार्तिकानंतर बघू. देवाला काय, मी काहीतरी सोडलं एवढंच कळणार. हिशेब तो ठेवत नाही, तुम्ही ठेवता.

सलिलला सांगायचं नाही. तुम्हाला गणपतीची शपथ. डॉक्टरीणबाईंना मी पुढच्या वेळी सांगेन. सांगेन म्हणजे, विचारलं तर सांगेन.

मला रागावून पत्र लिहायचं होतं, पण हात दुखत नसल्यामुळे अक्षर इतकं छान येतं आहे की राग टिकत नाही.

क्षिप्रा


वाई, २१ सप्टेंबर

चि. क्षिप्रास,

शास्त्रार्थ थोडक्यात आटोपते. व्रतात सोडायची ती आवडती वस्तू. आंबेखाऊ माणसाने आंबा सोडावा. कारलं सोडून व्रत म्हणवून घेणाऱ्याला चित्रगुप्त दारातच बसवून ठेवतो. तू सोडलेल्या वस्तूवर तुझं प्रेम होतं असं तू स्वतःही म्हणणार नाहीस. तेव्हा नेम मुळातच लागला नाही, आणि न लागलेला नेम मोडण्याचं पापही नाही. आज रात्रीपासून गोळी घ्यायला शास्त्राची पूर्ण मुभा आहे.

पण तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला ठाऊक आहे. उलट मला तुझं म्हणणं पटत चाललं आहे. माझी रक्तदाबाची गोळी तुला माहीत आहे. तिने पाय सुजतात. संध्याकाळी चपला अंगठ्याला अडकवून चालावं लागतं, आणि वर्गात फळ्याकडे जाताना मागची मुलं माझ्या चालीची नक्कल करतात. मी विचार केला, दाब तर कधीचा ताब्यात आहे. मग रोज राखणदार कशाला?

मीही सोडली. चातुर्मासापुरती. पाय आत्ताच हलके वाटू लागले आहेत. कालपासून कानात थोडं गुणगुणतं, पण कदाचित हा शास्त्राचा ध्वनी असेल.

व्रतस्थ नणंद,
आश्लेषा


किहीम, २५ सप्टेंबर
(स्पीडपोस्टने)

ताई,

तुम्हाला वेड लागलंय का? चार वेळा फोन केला. दर वेळी तुम्ही "पत्रात लिही, अण्णा ऐकतायत" म्हणून ठेवून दिलात. माझी विद्या माझ्यावरच चालवता?

ते गुणगुणणं शास्त्राचं नाही, दाबाचं आहे. गोळी आजच घ्या, हे पत्र पुरं वाचायच्या आधी. पाय सुजतात तर डॉक्टरकडे जाऊन सांगा ना! बाजारात एकच गोळी आहे का? दुसरी देतील, अर्धी देतील, वेळ बदलतील. त्यांना न सांगता घरात बसून आपणच आपले डॉक्टर व्हायचं, एवढं शिकून हीच अक्कल? काही होत नाही म्हणून गोळी सोडायची असते का? गोळी आहे म्हणून काही होत नाही! आणि झालं तर कळणार कधी, झाल्यावर. तेव्हा कोणाला सांगणार?

तुम्ही एकट्या नाही आहात. अण्णांना या वयात मी काय सांगायचं? सलिलकडे बघा एकदा. तो बोलत नाही म्हणजे त्याला काही होत नाही असं नाही. सगळ्यांनी तुमच्यासाठी दवाखान्याच्या बाकड्यांवर बसून दिवस काढले ते तुम्ही चपलेसाठी घालवणार? त्रास होतो हे कबूल. कोणी म्हणालं का त्रास होत नाही? पण त्रास सांगायचा असतो. लपवायचा नसतो.

आणि लगेच मला काही शिकवायला येऊ नका. माझी गोष्ट वेगळी आहे.

गोळी घेतल्याचं फोनवर सांगा. अण्णांना ऐकू गेलं तरी चालेल.

क्षिप्रा


वाई, २९ सप्टेंबर

चि. क्षिप्रास,

इतकं सुंदर पत्र मला कोणी लिहिलं नव्हतं. ते एकटीने ठेवून घेणं बरं दिसत नाही, म्हणून सोबत परत पाठवते आहे. फार थोडे बदल केले आहेत. "ताई" होतं तिथे "क्षिप्रा" घातलं आहे, "दाबा"च्या जागी दुसरा शब्द, "पाय सुजतात"च्या जागी "बोटं दुखतात", आणि "चपले"च्या जागी "मोदक". "माझी गोष्ट वेगळी आहे" हे वाक्य मात्र काढून टाकलं. ते सगळ्यांच्याच पत्रात असतं.

दवाखान्याच्या बाकड्यांचं तू लिहिलंस. माझ्यासाठी कोण आणि कधी बसलं होतं ते मला आठवेना. मग लक्षात आलं, लिहिताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण होतं.

माझ्या गोळीचं विचारशील तर मी ती एक दिवसही सोडलेली नाही. मी संस्कृत शिकवते म्हणून लोक मला प्राचीन समजतात. मूर्ख कोणी समजत नाही. सुजेचं डॉक्टरांना कधीच सांगितलं, त्यांनी गोळी बदलली, चपला पायात बसतात.

हा खोटेपणा होता. माफी मागत नाही.

एक गोष्ट मात्र अनुमान न करता लिहिते. मला भीती वाटते. टोमणे मारता मारता लिहिलेलं खरं वाटत नाही म्हणून वेगळ्या ओळीत लिहिलं. या वयात नवी भावजय मिळणार नाही, आणि मिळाली तरी तिला माझे विनोद पहिल्यापासून समजावून सांगायचा उत्साह माझ्यात उरलेला नाही.

जा. डॉक्टरीणबाईंना सांग.

आश्लेषा


किहीम, १५ ऑक्टोबर

ती. ताईंस,

तुमच्या पत्रावर दोन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. नंतर माझंच पत्र माझ्या नावाने वाचलं. बाई काय तोंडाळ आहे हो! तिच्या घरात राहणाऱ्यांची मला कीव आली.

काल आम्ही मांडव्याहून लाँचने मुंबईला गेलो. सलिलला मी लाँचमध्येच सांगितलं, समुद्राच्या मध्यावर, म्हणजे उठून जाता येऊ नये. त्याने माझ्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. पिशवीत रुमाल आणि पाण्याची बाटली होती. जड काहीच नव्हतं.

डॉक्टरीणबाई ओरडतील अशा तयारीने मी गेले होते. उत्तरंही पाठ केली होती, त्यातली दोन तुमच्या न्यायशास्त्रातली. त्या ओरडल्याच नाहीत. म्हणाल्या, "दुखतं ते खरंच दुखतं. खूप जणी सोडतात आणि सांगत नाहीत. तुम्ही निदान आलात." मला इतका राग आला! इतकं सोपं होतं तर मी एवढं व्रत कशाला केलं? त्यांनी तपासलं, फोटो काढले. सध्या सगळं जागेवर आहे. गोळी बदलून दिली, काम तेच, नाव आणखी कठीण. ड जीवनसत्त्व तळाला गेलं होतं, त्याचं औषध दिलं, हाडांची तपासणी सांगितली, आणि रोज चालायला सांगितलं. हीसुद्धा सोसली नाही तर तिसरी आहे म्हणाल्या, पण फोन करायचा, गप्प बसायचं नाही.

मी विचारलं, मधल्या दिवसांनी काही बिघडलं असेल का? त्या म्हणाल्या, "आजपासून सुरू करा." हे उत्तर नव्हतं ते मला कळलं. मी परत विचारलं नाही.

ताई, एक सांगते. बोटांसाठी सोडली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. ती गोळी रोज रात्री मला आठवण करून द्यायची की मी आजारी आहे. सोडली त्या दिवशी वाटलं, मी कधी आजारी नव्हतेच. माळ्यावर चढले ती हातपाय मोकळे झाले म्हणून नाही. गाठ, सुई, किरणांनी भाजलेली कातडी, सगळं दुसऱ्या कोणा बाईचं होतं असं वाटून चढले. ते तीन महिने फार सुंदर गेले. तेवढे मी परत करणार नाही, तुम्ही लाल शाईने कितीही गोल करा.

नवी गोळी काल रात्री घेतली. आज सकाळी मूठ वळली. एक दिवसाचं काही खरं नाही, हे मलाही कळतं. पुढच्या महिन्यात वळली नाही तर लपवणार नाही. आधी डॉक्टरीणबाईंना सांगेन, मग सलिलला, मग तुम्हाला. तुमचा नंबर तिसरा, कारण तुम्ही लगेच पुरावे मागता.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "परत यायची बुद्धी कशी झाली?" मी म्हटलं, नणंदेने फसवलं. सगळी गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या नर्सने दार उघडून पाहिलं. म्हणाल्या, "अशी नणंद सगळ्यांना लिहून द्यायला हवी. एकदा घेऊन या त्यांना."

मी म्हटलं, "डॉक्टर, आधी ह्या नव्या गोळीचे दुष्परिणाम बघू. दोन्ही एकदम नकोत."

तुमची,
क्षिप्रा